झऱ्याच्या वरून, की खालून

ट्रॅक्टर कुठे जाईल आणि कुठे जाणार नाही हे या खोऱ्यात मी ठरवते. बढाई मारत नाही, कुणालाही विचारा. वायरोआ गावाच्या वरच्या अंगाला डोंगर असे आहेत की मेंढ्यासुद्धा बघून पाय टाकतात, आणि तिथे गेली एकतीस वर्षं मी ट्रॅक्टरच्या मागे अडीचशे किलोचा घण लावून कुंपणाचे खांब ठोकते आहे. घण वर न्यायचा, सोडायचा, खांब वीतभर खाली. परत वर न्यायचा. माझा भाऊ पाओरा खांब धरतो आणि बडबडतो. धरतो कमी, बडबडतो जास्त.

आमच्या कामात एक रीत आहे. ट्रॅक्टरवाल्याने उतार बघून "जमणार नाही" म्हटलं की विषय संपला. मालक कितीही मोठा असो, दुसऱ्यांदा विचारत नाही. का ते सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा पुन्हा विचारून चढायला लावलेले दोघं जण टेकडीवरच्या दफनभूमीत शेजारी शेजारी झोपलेत. म्हणून जिथे ट्रॅक्टर जात नाही तिथून कुंपण वळतं. थोडी जमीन याची त्याच्याकडे जाते, थोडी त्याची याच्याकडे येते, आणि शेजारी आपसात जमवून घेतात.

गेल्या एप्रिलमध्ये मी "जमणार नाही" असं खोटं म्हणाले. जन्मात पहिल्यांदा. आणि तेही हाकोपा कोरोंसाठी.

कोरो म्हणजे आजोबा. माझे सख्खे नव्हेत, पण आम्हा माओरी लोकांत त्याने काही फरक पडत नाही. मी सव्वीस वर्षांची असताना माझा नवरा ऑस्ट्रेलियात कामाला गेला तो तिकडचाच झाला, आणि मी पडवीत बसून सिगारेटी ओढायला लागले. तेव्हा हाकोपा कोरो आले आणि म्हणाले, "चल ऊठ. मला माणूस पाहिजे." तेव्हा या खोऱ्यातलं प्रत्येक कुंपण त्यांच्या हातचं होतं. कोरो घण सोडायच्या दांड्यावर आणि त्यांची बायको, पिरिहिरा नॅनी, खांबापाशी. पंचवीस वर्षं दोघांची अशी जोडी. पुढे नॅनीचे गुडघे दुखायला लागले म्हणून मी आले.

पहिले दोन महिने त्यांनी मला ट्रॅक्टरच्या सीटवर बसू दिलं नाही. नुसतं ग्रीस लावायचं. घण ज्या रुळांवरून वर-खाली सरकतो त्या रुळांवरून ते स्वतःचा अंगठा फिरवायचे, आणि अंगठा कोरडा निघाला तर माझा चहा बंद. "आधी तिला, मग तुला," म्हणायचे. ट्रॅक्टरला ते कायम 'ती' म्हणत. ट्रेलर जोडला की हूक हाताने हलवून बघायला लावायचे. मी म्हणायचे, "कोरो, दिसतंय की बसलाय." ते म्हणायचे, "दिसतंय म्हणून काय झालं? हात लाव." हायड्रॉलिकचा पाइप घासला जातोय का, घणाच्या वायररोपची एखादी तार तुटलीय का, मागच्या चाकांत वजनासाठी भरलेलं पाणी कमी झालंय का, सगळं रोज. मी चिडायचे, पाना फेकायचे. ते पाना उचलून परत माझ्या हातात द्यायचे. आज मला जे काही येतं ते सगळं त्यांनी दिलेलं आहे.

आता ते त्र्याऐंशीचे आहेत, नॅनी ऐंशीची. तीन वर्षांपासून नॅनीला काही आठवत नाही. बोलणंही बंदच झालंय. मुलगी वेलिंग्टनहून आली तर नॅनी तिला पाहुण्यांसारखी खुर्ची देते. पण सकाळ झाली की ती पिशवी घेऊन घरामागच्या उतरणीने खाली झऱ्यावर जाते. झऱ्यात पाण्यातली हिरवी भाजी उगवते, डुकराच्या हाडांबरोबर शिजवतो ती. नॅनी ती खुडते, दगडावर बसते, काहीतरी गुणगुणते. कोरो मागून आपली चारचाकी बाईक घेऊन जातात आणि लांब थांबतात. एकदा मला म्हणाले, "घरात मी तिचा कुणी नाही गं. कोणीतरी म्हातारा चहा करून देतो, एवढंच. झऱ्यावर मात्र कधी कधी मान वळवून माझ्याकडे बघते. तेव्हा तिला माहीत असतं."

दोन वर्षांपूर्वीच्या वादळात डोंगर घसरला आणि हद्दीचं कुंपण घेऊन गेला. हे कुंपण झऱ्याच्या खालून, ओढ्याच्या काठाने जायचं. कोरोंनी तरुणपणी त्या वेळच्या शेजाऱ्याबरोबर चार बाटल्या बिअरवर ठरवलेली ती रेघ. झरा खरं तर शेजाऱ्याच्या कागदात होता. बदल्यात कोरोंनी वरचा उन्हाचा पट्टा त्याला दिलेला. पन्नास वर्षं कुणाला कागद काढावासा वाटला नाही.

आता शेजारी आहे डंकन. दक्षिण बेटावरून आलेला गोरा माणूस, चाळिशीचा, तीन वर्षांपूर्वी ते फार्म घेतलं. वाईट नाही. वादळात त्यानेच कोरोंची वासरं पाण्यातून ओढून काढली होती. पण त्याच्या वडिलांनी सगळं तोंडी ठरवलं आणि पुढे त्यावरून घरात कोर्टकचेऱ्या झाल्या, म्हणून त्याला प्रत्येक गोष्ट कागदाप्रमाणे हवी असते. सर्व्हे करून त्याने खुंट्या मारून घेतल्या. नवी रेघ झऱ्याच्या वरून, डोंगराच्या चढावरून जात होती, आणि कुंपणाला वर विजेची तार. म्हणजे झरा पलीकडे.

काम मलाच दिलं होतं. दुसरं कोण आहे इथे?

जागा बघायला आम्ही चौघं गेलो. डंकन कागद घेऊन, मी, पाओरा, आणि कोरो आपल्या बाईकवर जरा मागे.

"इथून सुरुवात," डंकन म्हणाला. वादळातून वाचलेला कोपऱ्याचा जाड खांब तिथे उभा होता. "मग त्या खुंट्यांनी सरळ वर. जमेल ना?"

मी चढाकडे बघितलं. जमण्यासारखा होता. माती कोरडी आणि घट्ट, मध्यावर वळायला पुरेशी सपाटी. यापेक्षा दुप्पट वाईट ठिकाणी मी पावसात गेले आहे, आणि डंकनने ते बघितलंय.

"नाही जमणार," मी म्हणाले.

पाओराने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कपडे काढले.

"नाही?" डंकन म्हणाला.

"मागे घणाचं वजन आहे. चढावर तोंड केलं की पुढची चाकं उचलतील. खालून घ्यावं लागेल, जुन्या रेघेने. वरचा पट्टा तुझ्याकडेच राहील, तो काही वाईट नाही."

"आणि माझ्या वासरांच्या टाकीचं पाणी?"

"झरा काय कुंपण बघून वाहतो का?" पाओरा म्हणाला. तो हुशार आहे, कधी कधी. "खालून पाइप टाक, पाणी तुझंच."

डंकनने चढाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला पटलं नव्हतं. पण रीत त्यालाही माहीत होती. त्याने कागदाची घडी घातली. "ठीक आहे. तू म्हणतेस तर खालून."

तेवढ्यात मागून कोरोंचा आवाज आला.

"कोण म्हणतं जमणार नाही?"

ते बाईकवरून उतरून काठी टेकत पुढे आले. "एकाहत्तर साली याच चढावर मी बिनटपाचा ट्रॅक्टर नेला होता. ब्रेक एकच लागायचा. आणि हिला नाही जमणार?"

"कोरो, माती बदललीय," मी म्हणाले. डोळ्यांनी विनवत होते, गप्प बसा हो.

"माती तीच आहे." ते डंकनकडे वळले. "ती जाईल. उद्या सकाळी. हिच्यासारखं ट्रॅक्टर चालवणारं माणूस या सगळ्या मुलखात दुसरं नाही. हिला मी शिकवलंय."

एकतीस वर्षांत त्यांनी मला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. मी वाट बघून बघून आशा सोडली होती. आणि म्हटलं ते तेव्हा, झरा हातचा घालवायला. मी ट्रॅक्टरच्या किल्ल्या ओढ्यात फेकणार होते. पाओराने हात धरला.

संध्याकाळी मी शेडमध्ये रुळांना ग्रीस लावत होते. कोरो आले आणि तेलाच्या पिंपावर बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"मला कळलं नाही असं वाटलं का तुला?" ते म्हणाले.

"कळलं होतं तर तोंड कशाला उघडलंत?"

"उताराबद्दल खोटं बोलायचं नाही म्हणून."

"कुणाचं काय बिघडणार होतं? सांगा ना. त्याला पट्टा मिळत होता, पाणी मिळत होतं. तुमची बायको रोज सकाळी..." मी ग्रीसचा पंप दाबत राहिले.

"हे बघ. आज तू खोटं 'नाही' म्हणालीस. उद्या कुठेतरी खरं 'नाही' म्हणशील. तेव्हा समोरचा म्हणेल, मागच्या वेळीपण असंच म्हणाली होती, पण जात होतं. तो आग्रह करेल आणि तू चढशील."

"मी नाही चढणार."

"चढशील. तुझं नाक मला माहितीये. आणि मागे पाओरा असेल, खांब धरून."

मी पंप खाली ठेवला.

"मग मागा डंकनकडे," मी म्हणाले. "नीट सांगा. नाही म्हणायचा नाही तो."

"मागितलं तर देईल, हेच तर. मग पिरिहिरा रोज त्याच्या मेहेरबानीवर झऱ्याला जाणार. तो फाटक ठेवू का म्हणाला होता मला." ते हसले, पण नीट नाही. "फाटक. परवा आमच्याच मागच्या दाराशी अर्धा तास उभी होती. कडी काढायची असते हे तिला सुचेना. आणि वर विजेची तार."

"हे सांगितलंत त्याला?"

"बायकोचं असं झालंय हे शेजाऱ्यापाजाऱ्यांत सांगत फिरू? ती चालेल तोवर लोक तिला पिरिहिरा म्हणूनच बघतील. आणि तूही सांगायचं नाहीस. सांगितलंस तर माझ्या दारात येऊ नकोस."

ते उठले, जाता जाता रुळावरून अंगठा फिरवला, बघितला आणि गेले. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. वय सत्तावन्न, आणि हातभर ग्रीस लागलेलं.

सकाळी पाओरा पिकअपला खांबांचा ट्रेलर जोडून पुढे निघाला. ओढ्याच्या उतारावर ट्रेलर एका अंगाला चिखलात रुतला. "तू हो पुढे," तो म्हणाला, "मी जॅक लावून काढतो, येतोच." ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरमध्ये मी आठ-दहा खांब घेतले होते, तेवढे घेऊन मी कोपऱ्याच्या खांबापाशी गेले. डंकन आधीच येऊन उभा होता. त्या दिवशी मला कुणाशीच बोलायचं नव्हतं.

वरून कोरोंची बाईक आली. पुढे नॅनी चालत होती, पिशवी घेऊन. तिने आमच्याकडे बघितलंही नाही, सरळ झऱ्याकडे गेली, ओणवी झाली आणि भाजी खुडायला लागली.

"आज नको आणायचं होतं, कोरो," मी हळूच म्हणाले.

"आज शेवटचंच. येऊ दे."

मी ट्रॅक्टर सरळ उभा केला, खाली उतरून मागे गेले, घण अडकवून ठेवणारी पिन काढली. तेल गरम व्हावं म्हणून घण एकदा रिकामाच वर नेला आणि सोडला. दणका समोरच्या डोंगरावर आपटून परत आला.

नॅनी उभी राहिली.

तिने ओले हात स्कर्टला पुसले. पिशवी तिथेच टाकली. मग ती आमच्याकडे यायला लागली, अशी भराभर की मला तिचे गुडघे आठवले. ती लोडरशी गेली, एक खांब ओढून उभा केला. उचलला नाही, उभ्यानेच या कडेवरून त्या कडेवर फिरवत चालवत नेला. ऐंशी वर्षांची बाई. डंकन मदतीला धावणार होता, कोरोंनी काठी आडवी घातली.

ती डंकनच्या खुंटीजवळून गेली, थांबली नाही. झऱ्याला वळसा घालून खाली ओढ्याच्या काठाशी गेली, खांब टेकला आणि माझ्याकडे वैतागून बघितलं. ट्रॅक्टर आण की, असं.

मी कोरोंकडे बघितलं. ते नॅनीकडेच बघत होते. मग मी पिन परत लावली, सीटवर चढले आणि ट्रॅक्टर मागे मागे घेत तिच्यापाशी नेला. उतरून दांड्यावर हात ठेवणार तोच कोरो शेजारी आले.

"सरक," ते म्हणाले.

मी सरकले. नॅनीने खांबाचं डोकं घणाखालच्या लोखंडी टोपीत सरकवलं. एक डोळा मिटून बघितलं, खांब बोटभर डावीकडे घेतला, परत बघितलं. टोपीने खांब पकडला तशी दोन पावलं मागे झाली, तोंड बाजूला केलं आणि हात वर केला. दोन पावलं, एकही कमी नाही. पाओराला मी ही दोन पावलं वर्षानुवर्षं ओरडून शिकवतेय.

कोरोंनी दांड्यावर हात ठेवला. मीच पिन काढली. त्यांनी घण सोडला.

नॅनीने दोन बोटं दाखवली. कोरोंनी दोन ठोके दिले. तिने एक बोट दाखवलं. त्यांनी एक दिला. मग तिने तळवा आडवा धरला आणि ते थांबले. तिने खांबावर बोटांची पेरं वाजवली, कान लावला, मान हलवली. दोघांना बोलायची गरजच नव्हती, कधीच नसावी.

मग ती वळली आणि ओढ्याच्या काठाने मोजून आठ पावलं गेली. टाच मातीत दाबून खूण केली. परत आठ पावलं, परत टाच. वादळाने तिथे जुन्या कुंपणाचा एक खिळा ठेवला नव्हता, काठसुद्धा खचून वेगळाच झाला होता. तरी ती रेघ तिथेच चालली होती, झऱ्याच्या खालून. मी एकतीस वर्षं हे काम करते, मला ती दाखवता आली नसती.

पाओरा वळणावर येऊन उभा राहिला होता. जॅक अजून हातातच होता.

डंकन माझ्याजवळ आला. "ती..." म्हणाला आणि थांबला.

"कोरोंचे खांब ती धरायची," मी म्हणाले. "पंचवीस वर्षं." एवढं सांगायला मला कुणी बंदी केली नव्हती.

त्याने चढावरच्या खुंट्यांकडे बघितलं. झऱ्याकाठी पडलेल्या पिशवीकडे बघितलं, तिच्यातून भाजी अर्धी बाहेर आली होती. मग कोरोंकडे. ते दांड्याला टेकून बाहीने तोंड पुसत होते आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हते. नॅनी शेवटच्या खुणेपाशी उभी राहून आजूबाजूला बघायला लागली होती. पुढचा खांब कुठे आहे ते तिला कळेना. तिच्या चेहऱ्यावर ते परत यायला लागलं होतं, ते रिकामं.

डंकनने कागद पँटच्या खिशात कोंबला. लोडरमधून एक खांब खांद्यावर घेतला, ओढ्याच्या काठाने गेला आणि नॅनीने केलेल्या पहिल्या खुणेवर टेकवला.

नॅनी खूण सोडून परत आली. तिने खांब वरपासून खालपर्यंत बघितला. मग त्याच्याकडे.

"बारीक टोक खाली," ती म्हणाली.

कित्येक महिन्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. डंकनने खांब खरंच उलटा धरला होता. त्याने घाईघाईने तो फिरवला, त्या नादात स्वतःच्या पायावर आदळून घेतला.

"कोणाचा तू?" नॅनीने विचारलं.

डंकनने एकदा कोरोंकडे बघितलं.

"शेजारचा," तो म्हणाला.

"मग नीट धर."

त्याने दोन्ही हातांनी नीट धरला. मी ट्रॅक्टर आठ पावलं मागे आणला, खांबाचं डोकं टोपीत बसलं, कोरोंनी दांड्यावर हात ठेवला. डंकन तिथेच उभा होता. त्याला काय माहीत? नॅनीने त्याची बाही धरली, त्याला आपल्याबरोबर दोन पावलं मागे ओढलं आणि हात वर केला.